‘डॅम्प’ शब्दाची कुळकथा

इंग्रजी भाषेचा अभ्यास करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस कोश पाहण्याची सवय असावी, ही गोष्ट इष्टच आहे. परंतु कोश उघडून जो अर्थ प्रथम डोळ्यांस दिसेल तोच उचलावयाचा व सर्वत्र चिकटवावयाचा, ही सवय मात्र इष्ट नव्हे. अशा उतावळ्या विद्यार्थ्यास हटकून फसविणारे जे काही शब्द आहेत, त्यांपैकी ‘डॅम्प’ हा एक होय. शब्द लहान, रोमन लिपीत चार अक्षरांचा व एका उच्चारात संपणारा. अर्थ विचारला तर खालच्या वर्गातील मुलगाही ‘ओल’ किंवा ‘दमट’ असे तत्काळ सांगेल. उत्तर खोटे नाही, पण ते अपुरे आहे. ह्याच अर्थाच्या भरवशावर कोणी ‘फायर-डॅम्प’ ह्या शब्दाचे भाषांतर ‘अग्नीची ओल’ असे केले, तर वाचणाऱ्यास त्यातून काय बोध होणार? आणि ज्या पदार्थाने शेकडो माणसांचे प्राण घेतले त्याचे नाव आपण लिहीत आहोत, ही जाणीव तरी लिहिणाऱ्यास कशी होणार?

म्हणून ह्या एका शब्दाचा थोडा मागोवा घ्यावा, आणि त्यास आपण जो ‘ओल’ हा प्रतिशब्द देतो त्याच्याशी त्याची तुलना करावी, असे आम्ही योजिले आहे. हे दोन शब्द एका ठिकाणी एकमेकांस भेटतात व तेथून पुढे अगदी भिन्न वाटांनी जातात. त्या वाटा कोणत्या, हे समजून घेणे केवळ परीक्षेपुरते उपयोगाचे नाही, हे पुढे दिसून येईल.

प्रथम कूळ पाहू. ‘डॅम्प’ हा शब्द इंग्रजीत उत्तर जर्मनीच्या सखल प्रदेशातील बोलींतून आला असावा, असे भाषापंडितांचे मत आहे. डच भाषेत तो आजही ह्याच रूपाने नांदतो, व त्याचा अर्थ वाफ असा आहे. जर्मन भाषेतील त्याचा भाऊ ‘डाम्फ’ म्हणजेही वाफच. वाफेवर चालणाऱ्या जहाजास जर्मन लोक ‘डाम्फर’ म्हणतात. आपल्या लोकांनी त्याच जहाजास आगबोट म्हटले. तात्पर्य, मूळ शब्दात पाण्याचा ओलेपणा नव्हता. त्यात वाफ होती, धूर होता, भूमीच्या पोटातून किंवा कोंडलेल्या जागेतून निघणारा वायू होता. इंग्रजीतही ह्या शब्दाचा जुना अर्थ ‘अपायकारक वाफ’ असाच आढळतो, आणि त्यापासून झालेल्या क्रियापदाचा जुना अर्थ ‘गुदमरविणे’ असा होता. किंचित ओले, दमट, हा आज सर्वांस परिचित असलेला अर्थ इंग्रजी भाषेत स्पष्टपणे रूढ झाला तो अठराव्या शतकाच्या आरंभी. तळघरात, गुहेत, बंद पडलेल्या खोलीत कोंदट हवा व भिंतींची ओल ही बहुधा एकत्रच असतात. तेव्हा एकीचे नाव दुसरीस चिकटले, ह्यात नवल नाही.

जुना अर्थ पुस्तकी झाला, परंतु कोळशाच्या खाणींत तो जिवंत राहिला. इंग्लंडातील खाणकामगारांनी भूगर्भातील निरनिराळ्या वायूंस ‘डॅम्प’ हेच आडनाव दिले व प्रत्येकाच्या स्वभावावरून पुढे एकेक विशेषण लाविले. कोळशाच्या थरांतून सुटणारा मिथेन वायू म्हणजे फायर-डॅम्प. हवेत ह्याचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असले, म्हणजे एका ठिणगीने त्याचा स्फोट होतो. दुसरा ब्लॅक-डॅम्प. त्यात कार्बन डायॉक्साइड व नत्रवायू ही मुख्य, आणि प्राणवायू जवळजवळ नाही. तो पेटत नाही. तो दिवा विझवितो व माणसास गुदमरवितो. तिसरा व्हाइट-डॅम्प, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. ह्यास रंग नाही, वास नाही, आणि म्हणूनच तो अधिक घातकी. चौथा स्टिंक-डॅम्प, कुजक्या अंड्यासारखी दुर्गंधी येणारा हायड्रोजन सल्फाइड. आणि पाचवा आफ्टर-डॅम्प. स्फोट झाल्यानंतर खाणीत जे वायूंचे मिश्रण मागे उरते, ते हे. खाणींतील स्फोटांत मृत्यू पावलेल्यांपैकी पुष्कळ जण भाजून किंवा चिरडून नव्हे, तर ह्या मागाहून येणाऱ्या वायूतील कार्बन मोनॉक्साइडने मरतात, हे जॉन स्कॉट हॉल्डेन ह्या शास्त्रज्ञाने १८९६ साली दाखवून दिले. खाणीत पिंजऱ्यातून कॅनरी पक्षी नेण्याचा उपायही त्यानेच सुचविला. त्या लहान जिवास विषारी वायू माणसाच्या आधी बाधतो, व तो पक्षी कलंडला की कामगारांनी बाहेर पळावे, अशी ती योजना होती.

१८१२ साली इंग्लंडातील फेलिंग येथील खाणीत फायर-डॅम्पचा स्फोट होऊन ९२ माणसे व मुले दगावली. ह्या व अशा अनर्थांमुळे लोकमत हळहळले, व १८१५ साली सर हंफ्री डेव्ही ह्याने खाणीत नेण्याजोगा सुरक्षित दिवा तयार केला. त्याची युक्ती साधी होती. ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी असते. ती ज्योतीची उष्णता झपाट्याने शोषून घेते, त्यामुळे आतली ज्योत जाळीबाहेरील वायूस पेटवू शकत नाही. शिवाय भोवतालच्या हवेत फायर-डॅम्प असल्यास ज्योतीवर निळसर टोपी दिसे, व ब्लॅक-डॅम्प असल्यास ज्योत मंदावून विझे. म्हणजे तो दिवा प्रकाशाबरोबर इशाराही देई.

आमच्या अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगर, जिल्ह्यात कोळशाच्या खाणी नाहीत. महाराष्ट्रातील अशा खाणी चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर ह्या बाजूस आहेत. ह्यावरून आमच्या मुलांस ‘डॅम्प’च्या ह्या अर्थाशी काही कर्तव्य नाही, असे कोणास वाटेल. पण तसे नाही. ज्यास इंग्रज खाणकामगार ब्लॅक-डॅम्प व स्टिंक-डॅम्प म्हणत, तेच वायू आमच्याकडील पडक्या विहिरींत, बंद टाक्यांत, मैल्याच्या खड्ड्यांत व गोबरगॅसच्या कुंडांत साचतात. पालापाचोळा, शेण, मेलेली जनावरे पाण्यात कुजतात. कुजताना त्यांतून मिथेन, कार्बन डायॉक्साइड व हायड्रोजन सल्फाइड निघतात. कार्बन डायॉक्साइड साध्या हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने तो खोल जागी तळाशी बसतो. वरून पाहणाऱ्यास काहीच दिसत नाही.

एप्रिल २०२४ मध्ये आमच्याच जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात वाकडी ह्या गावी जी दुर्घटना घडली, ती पुष्कळांच्या स्मरणात असेल. एका वापरात नसलेल्या विहिरीत शेणाचा काला साचविलेला होता. तीत एक मांजर पडले. त्यास काढावयास एक मनुष्य उतरला व वर आला नाही. त्यास वाचवावयास दुसरा उतरला, मग तिसरा. असे करता करता पाच माणसांचा अंत झाला. कमरेस दोर बांधून उतरलेला एक जण तेवढा वर ओढून काढता आला. मुक्या प्राण्याची दया व आप्तांचे प्रेम ह्या दोन उत्तम भावनांनीच ती माणसे खाली गेली. धैर्यात ती कोठेही उणी नव्हती. त्या खड्ड्यात काय भरलेले आहे, ह्याची माहिती तेवढी उणी होती.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट इंग्रजीच्या तासाला नव्हे, तर जन्मभर लक्षात ठेवावी. मोकळ्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. तो सोळा-सतरा टक्क्यांवर आला की मेणबत्ती विझते. दहाच्याही खाली गेला की माणसाची शुद्ध काही क्षणांत किंवा मिनिटांत हरपते, व हाक मारण्याचेही भान त्यास राहत नाही. पूर्वी विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील दोराने आत सोडून पाहत. कंदील विझला तर उतरू नये, हे खरे. परंतु कंदील जळत राहिला म्हणजे हवा निर्दोष आहे, असे मात्र मुळीच नव्हे. विषारी वायू अल्प प्रमाणात असला तरी मारतो आणि दिवा मात्र जळत राहतो. उलट, मिथेन साचलेल्या जागी तोच कंदील स्फोटास कारण होईल. दुर्गंधीवरही विसंबू नये. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की तो प्रथम नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो, व दुर्गंधी नाहीशी झाली असे वाटते. खाली कोणी बेशुद्ध पडलेला दिसला, तर आपण उतरू नये. गावकऱ्यांस हाक द्यावी, ११२ किंवा अग्निशामक दलाच्या १०१ ह्या क्रमांकावर कळवावे, आणि श्वसनाची साधने असलेल्या शिकलेल्या माणसांस ते काम करू द्यावे. हे सांगणे निष्ठुर वाटेल. पण एका प्रेतावर आणखी चार घालण्यात दया नाही.

आता ‘डॅम्प’चा दुसरा, म्हणजे आज अधिक प्रचारातला अर्थ घेऊ. इंग्लंडसारख्या थंड व ढगाळ देशात घराच्या भिंतीस ओल धरणे हे एक मोठे संकट समजतात. कपडे वाळत नाहीत, बुरशी धरते, लाकूड कुजते, सांधे दुखतात. तेव्हा इंग्रजी कथाकादंबऱ्यांत ‘डॅम्प हाउस’ असे शब्द आले की वाचकाच्या मनापुढे गैरसोय, रोग व उदासीनता ही उभी राहतात. आपल्याकडेही भिंतीस ओल येते व मागोमाग लोणा लागतो. ह्याचे कारण केशाकर्षण. दिव्याच्या वातीत तेल ज्या शक्तीने वर चढते, त्याच शक्तीने जमिनीतील पाणी विटांच्या व मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून भिंतीत चढते. वर येऊन ते उडून जाते व त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. तोच तो पांढरा लोणा. म्हणून नव्या घराचा पाया जोत्यापर्यंत आला की गवंडी त्यावर पाणी न शोषणारा थर देतात. आमच्याकडील गवंडीही त्यास इंग्रजी आद्याक्षरांनी ‘डी. पी. सी.’ म्हणतात. त्यातील पहिले अक्षर ‘डॅम्प’चेच होय.

परंतु भिंतीतली ओल जरी आपणांस नको असली, तरी जमिनीतली ओल आपणांस किती हवी असते! येथे इंग्रजी व मराठी शब्दांच्या वाटा फुटतात. आमचा जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकास घाटघर, रतनवाडी ह्या भागांत काही वर्षी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण घाट उतरून पूर्वेस आले की पावसाचे मान झपाट्याने घटते, आणि जिल्ह्याच्या मोठ्या भागास वर्षास पाच-सहाशे मिलिमीटरांवर समाधान मानावे लागते. जामखेड, कर्जत, पाथर्डी, शेवगाव, पारनेर, श्रीगोंदे ह्या तालुक्यांतील कोरडवाहू शेतकऱ्याचे सारे लक्ष म्हणून ‘ओल किती गेली’ ह्या प्रश्नावर असते. पाऊस किती पडला ह्यापेक्षा तो जमिनीत किती खोल मुरला, ह्यास तो अधिक महत्त्व देतो.

रब्बीची ज्वारी हे ह्याचे उत्तम उदाहरण आहे. ती साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरतात. त्यानंतर बहुधा पाऊस नसतो. उत्तरा व हस्त नक्षत्रांचा पाऊस काळ्या जमिनीने जो पोटात साठविला, त्याच शिदोरीवर ते पीक माघ-फाल्गुनापर्यंत उभे राहते, कणसावर येते व माणसास भाकरी व जनावरांस कडबा देते. खोल काळी जमीन मीटरभर खोलीत पिकास उपयोगी पडेल असे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरून ठेवू शकते. पण ती वाळू लागली की तिला भेगा पडतात, व त्या भेगांतून उरलेली ओलही उडून जाते. ह्यावर शेतकऱ्याचा उपाय म्हणजे कोळपणी. पेरणीपासून साधारण तिसऱ्या, पाचव्या व आठव्या आठवड्यांत कोळपे फिरवून तो वरची माती भुसभुशीत करितो. त्यामुळे भेगा बुजतात, पाणी वर खेचणाऱ्या सूक्ष्म नळ्या तुटतात, आणि ओल खाली मुळांपाशी राहते. भिंतीत जे केशाकर्षण गवंडी एका थराने तोडतो, तेच शेतात शेतकरी कोळप्याने तोडतो. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे आमचे शेतकरी म्हणतात, ते ह्याच अर्थाने.

ह्या ओलीचे नेमके मान सांगणारा एक शब्द मराठीत आहे. त्यास एका शब्दाचा इंग्रजी प्रतिशब्द मिळणे कठीण. तो शब्द ‘वाफसा’. काही ठिकाणी त्याचा उच्चार ‘वापसा’ असाही करितात. पावसानंतर जमीन चिखलही राहिली नाही व कोरडीही झाली नाही, मातीच्या कणांमध्ये पाणीही आहे व हवाही आहे, औत चालेल व बी रुजेल, अशी जी अवस्था, तिला वाफसा आला म्हणतात. मातीचा मुठीत गोळा करून तो खाली टाकावा. चिकटून राहिला तर वाफसा नाही, मोकळा होऊन फुटला तर आहे. वाफसा धरून पेरणारा साधतो. घाई करणारा किंवा आळस करणारा चुकतो.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांस येथे पेरणाऱ्याचा दाखला आठवेल. मत्तय व मार्क ह्यांच्या शुभवर्तमानांत खडकाळीवर पडलेले बी वाळून गेले, त्याचे कारण त्यास मूळ नव्हते, असे दिले आहे. लूक मात्र आठव्या अध्यायाच्या सहाव्या वचनात निराळे कारण देतो: त्यास ओलावा मिळाला नाही. ह्या ठिकाणी योजिलेला ‘इक्मास’ हा ग्रीक शब्द सबंध नव्या करारात दुसऱ्या कोठेही आलेला नाही. खडकावर मातीचा पातळ थर असेल तर बी लवकर उगवते, पण त्या थरात ओल टिकत नाही. आमच्या मुरमाड माळांवर हे दृश्य दर वर्षी दिसते. मूळ व ओल ही एकाच गोष्टीची दोन अंगे आहेत, हे पारनेर-पाथर्डीकडील शेतकऱ्यास कोणी समजावून द्यावयास नको.

ओल हितकर असली तरी तिलाही मर्यादा आहे, हे इंग्रजीतील ‘डॅम्पिंग ऑफ’ ह्या शब्दावरून दिसेल. हे एका रोगाचे नाव होय. आमच्या जिल्ह्यात कांद्याचे पीक मोठे. त्याची रोपे वाफ्यात दाट पडली, पाणी तुंबून राहिले, तर मातीतील बुरशी रोपांच्या बुंध्यास धरते, बुंधा मऊ होतो व रोपे एका रात्रीत आडवी होतात. आपले शेतकरी ‘रोपांची मर लागली’ म्हणतात. गादीवाफे उंच करावे, बी विरळ टाकावे, पाण्याचा निचरा ठेवावा, हे त्यावरील पहिले उपाय. ह्या शब्दसमूहात ‘डॅम्प’चा ओलेपणा व त्याचा जुना गुदमरविण्याचा भाव, हे दोन्ही एकत्र आलेले आहेत.

तोच जुना भाव क्रियापदात स्पष्ट दिसतो. चुलीतील किंवा भट्टीतील विस्तव राखेखाली दडपून धुमसत ठेवणे, ह्यास इंग्रजीत ‘डॅम्प’ करणे म्हणतात. त्यात पाणी ओतण्याचा प्रश्नच नाही. धुराड्यातील हवेचा मार्ग कमीजास्त करणारी जी लोखंडी पत्री, तिचे नाव ‘डॅम्पर’. पियानोमध्ये तारेवर टेकून तिचा नाद थांबविणारी लोकरीची गादी, तिचेही नाव ‘डॅम्पर’. झोका सोडून दिला की त्याचा हेलकावा हळूहळू लहान होत जाऊन थांबतो. पदार्थविज्ञानात ह्यास ‘डॅम्पिंग’ म्हणतात, व आमच्या परिभाषेत त्यास अवमंदन असे नाव आहे. मोटारीचे धक्के जिरविणाऱ्या साधनासही तेच नाव देतात. आणि कोणाच्या उत्साहास ‘डॅम्प’ केले, असे इंग्रज म्हणतो, तेव्हा आपण ‘उत्साहावर विरजण पडले’ म्हणतो. ‘डॅम्प स्क्विब’ म्हणजे शब्दशः ओला फटाका. आपण त्यास ‘फुसका बार’ म्हणतो. ह्यांपैकी एकाही ठिकाणी ‘ओल’ घालून भाषांतर साधणार नाही.

आता आपल्या ‘ओल’ शब्दाचे कूळ पाहा. संस्कृतातील ‘आर्द्र’ हा त्याचा पूर्वज. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘आर्द्र’ची ‘उल्ल’, ‘ओल्ल’ अशी रूपे दिली आहेत. त्यांतूनच आपला ओला व ओल. पावसाळ्याच्या आरंभीचे आर्द्रा नक्षत्र ह्याच घराण्यातले. इतकेच नव्हे, तर स्वयंपाकघरातील आले हेही ‘आर्द्रक’ ह्या शब्दापासून आलेले आहे. वाळले म्हणजे त्याची सुंठ होते. ध्वनीवरून ‘दमट’ हा शब्द ‘डॅम्प’चा नातलग आहे, असे कोणी विनोदाने म्हणतात; पण नुसते ध्वनीचे साम्य हा नात्याचा पुरावा नव्हे.

ओल ह्या शब्दाचा मराठीतील संसार पाहिला तर तो बहुतांशी सुखाचा आहे. ओले खोबरे, ओले हरभरे, ओला चारा, ह्यांत ताजेपणा आहे. ओली बाळंतीण म्हणताना काळजी व जपणूक आहे. डोळे ओले झाले, ह्यात करुणा आहे. मायेचा ओलावा हा तर आमच्या बोलण्यातील अगदी गोड शब्द. मुले खेळात डाव कोणाचा हे ठरविण्यासाठी खापरीचा तुकडा एका बाजूस थुंकीने भिजवून उडवितात व ‘ओली की सुकी’ विचारतात. दुःखाचे अर्थही आहेत. जखम अजून ओली आहे; सुक्याबरोबर ओलेही जळते; आणि अतिवृष्टीने पीक सडले म्हणजे ओला दुष्काळ. परंतु ह्या सर्वांत जिवंतपणाचा भाव सुटत नाही. ओले म्हणजे जे अजून वाळलेले नाही, ज्यात जीव आहे ते. उलट कोरडे भाषण, कोरडी सहानुभूती, कोरडा पाषाण, हे शब्द आम्ही निंदेकरिता राखून ठेविले आहेत.

इंग्रजीत मात्र ‘डॅम्प’ शब्दास हे सौभाग्य लाभले नाही. प्रेमळ मनुष्यास इंग्रज ‘वॉर्म’, म्हणजे उबदार, म्हणतो. थंड देशात ऊब हवी असते, तशी अवर्षणाच्या देशात ओल. इंग्रजीत ओलाव्याच्या सुखद अर्थासाठी ‘मॉइस्ट’ हा दुसरा शब्द आहे. मऊ केकची वाखाणणी त्याने करितात, व मातीतील हितकर ओल त्याच्याच ‘मॉइश्चर’ ह्या नामाने सांगतात. हवेतील बाष्पासाठी ‘ह्युमिड’ हा लॅटिन कुळातला शब्द आहे. त्याचाच सोयरा ‘ह्यूमर’. त्याचा मूळ अर्थ द्रव किंवा रस. शरीरातील चार रसांच्या प्रमाणावर माणसाची वृत्ती अवलंबून असते, असे जुने युरोपीय वैद्य मानीत. त्यावरून तो शब्द वृत्तीस व पुढे विनोदास लागला. आपल्याकडेही ‘रस’ हा शब्द उसातून निघून काव्यात शिरला व हास्यरसापर्यंत पोहोचला. अशी साम्ये मनोरंजक आहेत. पण ती प्रत्येक शब्दाच्या बाबतीत असतीलच, असे धरून चालू नये.

मोल्सवर्थ साहेबांनी आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश मेजर कँडी ह्यांनी पुरा केला व तो १८४७ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून आजवर अनेक कोश झाले व त्यांचे ऋण मोठे आहे. तथापि कोणताही कोश वाचकाचे काम स्वतः करू शकत नाही. तो शब्दांची यादी पुढे ठेवितो. निवड आपली आपण करावयाची असते. ती करताना विद्यार्थ्याने स्वतःस एकच प्रश्न विचारावा: ह्या वाक्यात प्रत्यक्ष वस्तू कोणती आहे? खाण किंवा खड्डा असेल तर विषारी वायू. भिंत किंवा कपडा असेल तर ओल, दमटपणा. विस्तव, तार किंवा झोका असेल तर दडपणे, थांबविणे. मन असेल तर विरजण. वस्तू डोळ्यांपुढे आली की मराठी शब्द फारसा शोधावा लागत नाही.

शब्द नीट ओळखणे म्हणजे त्यामागील वस्तू ओळखणे होय. आमच्या शाळेतून बाहेर पडणारी मुले पुढे कोणी शेतात जातील, कोणी कारखान्यात, कोणी कचेरीत, कोणी वर्गात शिकवावयास. त्यांपैकी प्रत्येकास केव्हा ना केव्हा जमिनीची ओल राखावी लागेल, घराची ओल घालवावी लागेल. आणि एखाद्या पडक्या विहिरीच्या काठी खाली उतरू पाहणाऱ्या शेजाऱ्याचा हात धरून त्यास थांबवावे लागेल. त्या वेळी ह्या लहानशा इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ त्यांस आठवावा, एवढीच आमची इच्छा आहे.